तबकडीचे दुसरे भोक

प्रति,
श्री मारुतीराया,
मुक्काम तहसील कचेरीचे आवार, लिंबाखालचा ओटा, नेर, जिल्हा यवतमाळ.
प्रत माहितीसाठी: सर्व भाविक वाचक.

अर्जदार: याच आवारात सव्वीस वर्षांपासून बसणारा अर्जनवीस. नाव आपणास ठाऊक आहे. इतरांस ते कळण्याची आवश्यकता नाही.
घटनेचे स्थळ: अर्जदाराचे राहते घर, पुढची खोली.
घटनेचा काळ: कापसाचे भाव पडले त्या वर्षांपैकी एक, माघ महिना, शनिवार, दुपारी दोन ते पाच, म्हणजे भारनियमनातून सुटलेले तीन तास.
साक्षीदार: (१) शेषराव, रेडिओ मेकॅनिक, राहणार लोहारा. (२) दादाराव, बिछायत केंद्राचे मालक, राहणार नेर. (३) अर्जदाराची मुलगी मीना, राहणार उमरखेड, ही फोनवर. (४) अर्जदाराची पत्नी कुसुम. हिला साक्षीदार म्हणावे की अर्जदार, हे पुढे ठरेल.
मुद्देमाल: लहान तबकडी एक, दाभण एक.

विषय: आपण घेतलेल्या व अंशतः परत केलेल्या आवाजाबाबत.

महोदय,

प्रथमच स्पष्ट करतो की हा अर्ज क्षमायाचनेचा नाही. देवळांतून वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकांमध्ये भाविकांचे अनुभव मी वाचलेले आहेत. त्यांत संकट येते, भाविक रडतो, लोटांगण घालतो आणि पान उलटण्यापूर्वी त्याचे काम होते. मी रडलो नाही व लोटांगणही घातले नाही. मी नववीपर्यंत शिकलेला मनुष्य आहे; त्यापुढचे शिक्षण या आवारात, वकिलांच्या व कारकुनांच्या चुका दुरुस्त करता करता झाले. तालुक्यातील निम्मी गावे आपले दुःख माझ्या अक्षरात सरकारला कळवितात. ज्या वर्षांत कापसाला कोणी विचारीना, त्या वर्षांत माझ्यापुढची रांग आपल्या ओट्याला वळसा घालून फाटकापर्यंत जात असे, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्या अर्जांपैकी फार थोड्यांना उत्तरे आली. तरी प्रत्येक अर्जाच्या शेवटी मी 'उत्तराची अपेक्षा आहे' असे लिहीत राहिलो, कारण उत्तर न देणे हा वरच्याचा दोष आहे आणि ते न मागणे हा आपला, असे माझे मत होते. ते आजही बदललेले नाही.

त्या वर्षी ज्येष्ठात, सकाळी नळावर पाण्याचा गुंड भरताना कुसुमचा उजवा हात सुटला. आधी गुंड पडला, मग ती पडली. यवतमाळच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून तिला घरी आणली तेव्हा उजवे अंग लुळे होते आणि वाचा गेलेली होती. एकच शब्द उरला होता, 'नाई'. चहा देऊ का विचारले तर 'नाई' म्हणे आणि डावा हात कपासाठी पुढे करी. मीनाला फोन लावू का विचारले तर 'नाई' म्हणे आणि फोनकडे पाहत राही. सत्तावीस वर्षांच्या संसारात जो शब्द तिने मला कधी ऐकवला नव्हता, नेमका तोच तिच्याजवळ शिल्लक राहिला, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला पुष्कळ महिने लागले. डॉक्टर म्हणाले, वाचा येईलही, न येईलही; तुम्ही मात्र तिच्याशी बोलत राहा. ते मला सांगण्याची गरज नव्हती. आमच्या घरात बोलण्याचे काम पूर्वीपासून माझ्याकडेच होते.

मी आपल्याकडे तीन अर्ज केले. पहिला विनंतीचा, दुसरा स्मरणपत्राचा, तिसरा अंतिम सूचनेचा. तिन्ही अर्ज व्यवस्थित समास सोडून, मुद्देवार लिहिलेले होते व आपल्या पायाशी दगडाखाली ठेवले होते. तिसऱ्यानंतरही हालचाल न झाल्याने श्रावणाच्या पहिल्या शनिवारी मी आपल्यासमोर उभा राहिलो आणि जोवर तिचे बोलणे बंद तोवर आपले तेल बंद, असे स्वच्छ शब्दांत कळविले. सव्वीस वर्षांत हे दर शनिवारचे तेल मी एकदाही चुकविले नव्हते. श्रावणात देवाचे तेल तोडणारा मनुष्य आवारात पहिल्यांदाच पाहिला गेला. शेजारी बसणारे मुद्रांकविक्रेते बंडूभाऊ सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काहो अर्जनवीस, मारुतीवर केस टाकली म्हन्तेत तुमी. तारीख पडली का नाई?"

"गैरअर्जदार हजर होत नाहीत," मी म्हणालो.

"आनखीन कसा हजर होईन बाप्पा? थो तं समोरच बसून हाय."

रांगेतली माणसे हसली. ज्यांना त्या वर्षी हसण्यासारखे काही नव्हते तीही हसली, म्हणून मी बंडूभाऊंना उत्तर दिले नाही. पण शेंदूर कोरडा पडून आपल्या खांद्यावर भेगा दिसू लागल्या तरी मी हललो नाही. माझा हट्ट होता आणि तो योग्य होता.

दर रविवारी मीनाचा उमरखेडहून फोन येत असे. मी रिसीव्हर कुसुमच्या कानाशी धरायचा, मीनाने बोलायचे आणि इकडून 'नाई, नाई' ऐकायचे, असा क्रम होता. कार्तिकातल्या एका रविवारी मीना मला म्हणाली, "बाबा, आईचे फोटो हायेत माह्याजवळ. आवाज काईच नाई. मी रात्री आठवून पाह्यते तं आता आठवतच नाई, आई 'मीने' कशी म्हने थे. आपल्या घरी एखांदी टेप-बीप नाई का हो आईची?" मी नाही म्हणालो. फोन ठेवल्यावर माझी नजर फडताळावर गेली. तेथे सर्वांत वरती, सत्तावीस वर्षांच्या धुळीत, माझ्याच हाताने बांधलेली एक फाईल होती.

येथे मला जे लिहावयाचे आहे ते दुसऱ्या कोणाच्या अर्जात असते तर मी ते वगळण्याचा सल्ला दिला असता. लग्नाच्या आदल्या वर्षी, सोळा वर्षांची असताना, कुसुमच्या माहेरच्या महिला भजन मंडळाची एक तबकडी निघाली होती. गावातील एका हौशी गृहस्थाने सगळ्या बायांना नागपूरला नेऊन ती काढविली. तबकडीवर 'कु. कुसुम व मंडळी' असे छापलेले होते आणि एका बाजूचे भजन तिच्या आईने रचलेले होते. ती तबकडी व आणखी तीन घेऊन कुसुम माझ्या घरी आली. आमच्या घरी वाजविण्याचे यंत्र नव्हते. मी त्यावेळी नुकताच हा धंदा शिकू लागलो होतो आणि सुटी वस्तू दिसली की तिची फाईल करावी, अशी मला सवय लागली होती. चारही तबकड्या त्यांच्या पाकिटांसह एकावर एक ठेवल्या, कडेपासून बोटभर समास सोडला आणि दाभण लावला. तो जाईना. तेव्हा चुलीवर लाल करून घातला. मला दिसत होते की तो पुठ्ठ्यातून नव्हे, तबकडीतून जात आहे. परंतु मी विचार केला की तबकडीला मध्ये एक भोक मुळातच असते. आणखी एकाने काय बिघडणार? लाल लेस ओवली, गाठ मारली, वर 'संकीर्ण' असे लिहिले. कुसुम चहा घेऊन दारात उभी होती. जळक्या वासाने तिने पदर नाकाला लावला होता. "झालं न बांधून?" ती म्हणाली. "ठेवा मंग वरतं." त्यानंतर त्या फाईलचा विषय तिने कधी काढला नाही. पुढे मंडळात जाणेही बंद झाले. अर्जनवीसाच्या बायकोने झांजा घेऊन गल्लीतून जाऊ नये, असे मी म्हणालो होतो, हेही येथे नमूद करतो.

तर त्या रविवारी मी ठरविले की ही तबकडी संगणकात उतरवून मीनाला पाठवावयाची. अर्ज टाइप करण्यासाठी मी एक जुना संगणक घेतलेला होता. दादारावांच्या बिछायत केंद्रात, भाड्याने द्यायच्या सतरंज्यांच्या थप्पीमागे, पूर्वी लग्नात वाजणारा रेकॉर्ड चेंजर व एक ॲम्प्लिफायर पडून होता. दोन्ही त्यांनी आनंदाने दिले. "पन सुई नाई बरं," ते म्हणाले, "आनि ते आता भेटतही नाई." खरेच मिळाली नाही. मी नेर पालथे घातले. यवतमाळला दोनदा गेलो. एका दुकानातला मनुष्य सुई म्हणताच शिवणाच्या सुया दाखवू लागला. दुसऱ्याने, काका, हे सगळे आता मोबाईलमध्ये असते, असे ऐकविले. माझ्या बायकोचा सोळा वर्षांचा आवाज कोणत्या मोबाईलमध्ये आहे, असे मी त्याला विचारले, त्यावर तो गिऱ्हाइकाकडे वळला. परत येताना बसमध्ये मी आपल्याला मनातल्या मनात चौथा अर्ज केला. त्यात मायना नव्हता व 'विनंती' हा शब्दही नव्हता. आपण बोलणे नेले, ते नेले. आता जुन्या बोलण्याची सुईसुद्धा तालुक्यात शिल्लक ठेवली नाही, तर आपण एवढे घाबरता कोणाला, एवढेच विचारले होते.

पौष संपत आला असता एक मनुष्य माझ्या टेबलासमोर येऊन "जय भीम, साहेब" म्हणाला. मीही जय भीम केला. साठीकडे झुकलेला, अंगात इस्त्रीचा पण विटलेला सदरा. राहणार यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा, परंतु मूळ गाव नेर तालुक्यातले, म्हणून मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी इकडे यावे लागले होते. दोनदा अर्ज परत आला होता. "असा लिवा साहेब, का बाबूले खोट काढाले जागाच नाई राह्यली पाह्यजे," तो म्हणाला. मी एकेक रकाना विचारू लागलो, तो सांगू लागला. नाव, शेषराव. वडिलांचे नाव. मूळ गाव. मग मी विचारले, "धंदा?"

"रेडिओ-टेप दुरुस्ती. आता कोन आनते रेडिओ? मोबाईलचे स्पीकर बदलून राह्यलो. पन चेंजर म्हना, पुरानी मशीन म्हना, थे आपलं खरं काम होतं."

माझा पेन थांबला. सव्वीस वर्षांत रकाना भरता भरता माझा पेन थांबल्याचे मला आठवत नाही. समोर आपण होता, भेगाळलेले, कोरडे. मी आपल्याकडे पाहिले नाही. अर्ध्या वाक्यात गैरअर्जदाराकडे पाहणे माझ्या पद्धतीत बसत नाही. मी एवढेच विचारले, "सुई आहे?"

"कायची?"

"रेकॉर्डची."

"हाय न. दंतमंजनाच्या डब्यात हायेत पाच-सात. कोनी मागाले येत नाई म्हनून फेकल्या नाई." मी त्याला सर्व सांगितले, फक्त दाभणाचे सांगितले नाही. तो ऐकून म्हणाला, "शनिवारी येतो. वयनीचा आवाज काढून देऊ. पन साहेब, एक सांगून ठेवतो, मी देव-बिव काई मानत नाई. घरात पूजा-बिजा असली तं आधी आटपून घ्या."

मी म्हणालो, "सध्या आमचेही संबंध बंद आहेत."

ठरल्याप्रमाणे माघातल्या शनिवारी तो यवतमाळच्या बसने आला. कुसुमची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी होती. टेबलावर चेंजर, शेजारी ॲम्प्लिफायर, त्यातून एक तार संगणकाच्या पाठीमागे. दोन वाजता वीज आली. सुई बसवून शेषराव तबकडी लावणार तोच मी दादारावांचा माईक पुढे ओढला.

"माईक कायले साहेब? गाना तं तारातून जाते."

"आधी माझे निवेदन होईल. कोणाची तबकडी, कोणासमक्ष उतरविली, हे त्यात आले पाहिजे."

"कोर्टात लावाची हाय का?"

"करू द्या हो शेषराव," दादाराव म्हणाले. "हे पंगतीत वरन वाढ म्हनतीन तरी आधी दिनांक सांगतेत."

मी निवेदन केले. स्थळ, काळ, साक्षीदार, सर्व सावकाश सांगितले. निवेदन संपल्यावर माईक बंद करावयाचा असतो हे मला माहीत नव्हते, आणि सुईच्या नादात शेषरावाच्याही ते ध्यानात आले नाही. मग त्याने सुई टेकविली.

आधी तेल कढल्यासारखी चरचर झाली. मग खंजिरी, मग झांजा आणि मग एक मुलगी गाऊ लागली. 'दिवा ठेविला मी दारी, यावे देवा माझ्या घरी.' मी या स्त्रीबरोबर सत्तावीस वर्षे राहिलो आहे. तिने मला कामाचे सर्व सांगितले, पण हा आवाज मी ऐकलेला नव्हता. तो लाजत नव्हता. कोणाची परवानगी विचारून तो निघालेला नव्हता. पहिले कडवे संपले, दुसऱ्याला सुरुवात झाली आणि 'तेल सरले' एवढे ऐकू आले तोच सुई खटकन उडाली व थेट तिसऱ्या कडव्यात जाऊन पडली.

शेषरावाने तबकडी उचलून उजेडाकडे धरली. भोकातून खिडकीचा प्रकाश आरपार आला. "हे कोनं केलं?"

खाटेवरून कुसुम माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "मी. फाईल केली होती."

"रेकार्डची फाईल?" तो हसला नाही, हे मला जास्त लागले. "उंदरानं कुरतडलेल्या पाह्यल्या साहेब, उन्हानं पापडासारख्या झालेल्या पाह्यल्या. दाभनानं टोचलेली पयलीच." मग त्याने मेणबत्तीचे मेण त्या भोकात भरले, ब्लेडने सारखे केले, कडेचा वितळून वर आलेला काठ नखाने चाचपला. दुसऱ्यांदा लावली. पुन्हा त्याच जागी सुई उडाली. साडेचार वाजून गेले होते. त्याने सुईच्या डोक्यावर वजनासाठी एक नाणे चिकटविले. "हे शेवटचं," तो म्हणाला. "आता बी उडाली तं तेवढं कडवं गेलं समजा. मशीनीचा दोष नाई."

त्या वाक्याने मला जे झाले ते मी शब्दांत मांडू शकत नाही, आणि शब्दांत मांडणे हा तर माझा व्यवसाय आहे. आठ महिने मी आवाज नेणाऱ्याविरुद्ध तक्रार लिहीत होतो. तीन अर्ज, त्यांतला तिसरा अंतिम सूचनेचा. आणि आवाज नेणाऱ्याचे पहिले हत्यार माझ्याच टेबलाच्या खणात होते, लाकडी मुठीचे, आजही धंद्यात वापरले जाणारे.

तिसऱ्यांदा लावली. दिवा, दार, खंजिरी. 'तेल सरले', आणि सुई उडाली. तबकडीतली मुलगी पुढच्या कडव्यात गेली. परंतु खोलीत कोणीतरी मागे राहिले होते. जाड जिभेने, एका बाजूला ओढलेल्या तोंडाने, डोळे छताला लावून कुसुम गात होती.

'तेल सरले, वात वाळली,
रात डोळ्यांनी पाळली;
नाही मागत उजेड देवा,
सांग एवढे, हाक कळली.'

अक्षरे पुरती उमटत नव्हती. पण शब्द होते, एकामागून एक होते, आणि 'नाई' त्यांत कुठेच नव्हता. काही वेळ दोघी एकाच वेळी दोन वेगवेगळी कडवी गात होत्या. सोळा वर्षांची पुढचे, चव्वेचाळीस वर्षांची मागचे, आणि कोणी कोणासाठी थांबत नव्हते. मग तबकडी संपली, सुई आतल्या वर्तुळात खरखरत फिरू लागली आणि कुसुम आपले कडवे एकटीने पुरे करून 'यावे देवा माझ्या घरी' येथे येऊन थांबली. दादारावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. शेषरावाचा हात बटणाजवळ होता, पण त्याने काहीही बंद केले नव्हते. संगणकाच्या पडद्यावर ती हिरवी रेघ अजून हलत होती. त्याने आधी ते सर्व जतन केले, मग माईककडे पाहिले, मग माझ्याकडे. "चालूच होता हा," तो म्हणाला. "तुमचं निवेदन कामी आलं साहेब."

मी खाटेजवळ गेलो. इतके दिवस मी तिच्याशी पुस्तकी बोलत आलो होतो. त्या वेळी ते सुचले नाही. "कुसुम, आनखीन म्हन न," मी म्हणालो. "काई बी म्हन. पानी देऊ का तुले?"

"नाई," ती म्हणाली आणि डावा हात पुढे केला.

डॉक्टरांना मी नंतर हे सांगितले. ते म्हणाले, असे होते. ज्याचे बोलणे जाते त्याचे गाणे कधीकधी राहते, दोहोंच्या जागा डोक्यात वेगवेगळ्या असतात. असतील. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. देव न मानणाऱ्याने सुई का आणावी, कचेरीच्या रकान्याने ती का शोधून काढावी, माझ्या अहंकाराच्या निवेदनासाठी उघडलेला माईक उघडाच का राहावा, याचीही उत्तरे कोणाकडे तरी असतील. मला ठाऊक आहे ते एवढेच की तबकडीत जे कडवे नव्हते ते आता संगणकात आहे, आणि ते जेथून गेले होते तेथूनच परत आले.

संध्याकाळ होण्यापूर्वी मीनाला फोन लावला. पाच वाजता वीज जाणार हे ठाऊक असल्याने शेषरावाने तेवढा भाग आधीच आपल्या मोबाईलमध्ये घेऊन ठेवला होता. तोच रिसीव्हरला लावला. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "बाबा, यातली आई कोनती?"

"दोन्ही," मी म्हणालो.

तो शनिवारच होता. मी तेलाची वाटी घेतली, खणातला दाभण घेतला आणि आवारात आलो. कचेरी बंद होती. बंडूभाऊ मात्र लिंबाखाली बसले होते. "काहो, तडजोड झाली का?" त्यांनी विचारले. झालेली नव्हती. आपल्या खांद्यावरच्या भेगांत तेल जिरत गेले आणि वाटी रिकामी झाली तरी ते पुरले नाही. एवढे आपण कोरडे झाला होता. दाभण मी पायाशी ठेवला, मुद्देमाल म्हणून. शरणागती म्हणतात ती हीच असेल तर असो. मला इतकेच कळले की माझ्या तीन पानी अर्जांत जे मला मांडता आले नाही, ते कुसुमच्या अक्षरशत्रू आईने चार ओळींत मांडून ठेवले होते, आणि तिची मुलगी ते सत्तावीस वर्षे न गाता जपून होती. तीही उजेड मागत नव्हती. हाक पोचली, एवढी पोच मागत होती. मी हयातभर इतरांसाठी पोच मागितली आणि माझ्या घरातल्या हाकेवर लेस बांधून 'संकीर्ण' लिहिले.

सबब, हा अर्ज मागे न घेता त्यात पुढीलप्रमाणे दुरुस्ती करीत आहे. गैरअर्जदार क्रमांक एक, श्री मारुतीराया, कायम. गैरअर्जदार क्रमांक दोन, सदर अर्जनवीस, हा नव्याने दाखल. क्रमांक दोनला आरोप मान्य आहे. त्याचे काहीही म्हणणे नाही. क्रमांक एकने मात्र खुलासा करावा की एका दाभणाची जाणीव करून देण्यास तिचे अर्धे अंग घेणे आवश्यक होते काय. हे मी आजही विचारतो व आपल्याला तेल घालता घालता दर शनिवारी विचारीन.

तरी मागणे एकच. कुसुमला सगळी वाचा देणे जमत नसेल तर न द्यावी. परंतु सत्तावीस वर्षांपूर्वी दारात उभी राहून तिने मला जे विचारले नाही, 'टोचली काहून?', तेवढे दोन शब्द तिच्या तोंडी द्यावेत. ते विचारण्याचा तिचा हक्क आहे आणि ऐकून घेण्याची शिक्षा माझी आहे. हा न्याय मिळावा. उत्तर लेखी नसले तरी चालेल. गाऊन दिलेले उत्तरही ग्राह्य धरण्यात येईल.

पद्धतीप्रमाणे, हा अर्ज दाखल करण्यापूर्वी कुसुमला खाटेशी बसून सावकाश वाचून दाखविला. मजकूर मान्य आहे काय, असे विचारले. "नाई," ती म्हणाली, आणि अंगठ्यासाठी डावा हात पुढे केला. अर्जदार म्हणून अंगठा घेतला आहे. उत्तर याच पत्त्यावर यावे.